कुडाळात स्टुडिओ टाकतोय, फ्लॅश घेऊ की एलईडी?

कुडाळचो_फोटोवालो
नमस्कार मंडळी. कुडाळला गाळा घेतलाय स्टुडिओसाठी, १२ बाय १८ फूट, सिलिंग ९ फुटांवर. काम मिक्स असणार, पासपोर्ट तर रोजचेच, लहान मुलं, फॅमिली, शिवाय सावंतवाडीची लाकडी खेळणी करणारे एक कारागीर आणि हापूस ऑनलाइन विकणारे एक बागायतदार यांनी प्रॉडक्ट शूटचं विचारलंय. लाइट्सचं बजेट दीड लाख, स्टँड, सॉफ्टबॉक्स (लाइटपुढे लावायची उजेड मऊ करणारी कापडी पेटी) सगळं त्यातच. मुंबईतल्या दुकानदाराने मेन्सवर (थेट विजेच्या प्लगवर) चालणारे ६०० वॅटसेकंदचे (म्हणजे ६०० जूलचे) दोन मोनोलाइट, म्हणजे स्टुडिओ फ्लॅश, सांगितलेत, मित्र म्हणतो फ्लॅश सोड, २०० वॅटचे एलईडी घे, व्हिडिओलाही होतील. पावसात लाइट जाते ते वेगळंच. काय करू?

रत्नांग्री_स्टुडिओ
मुलांचे फोटो काढणार असाल तर फ्लॅशच घ्या, यात मला तरी शंका नाही. साधा हिशोब करा, २०० वॅटचा एलईडी १/१२५ सेकंदाच्या शटरला जेमतेम १.६ जूल वीज वापरतो आणि ४०० वॅटसेकंदचा फ्लॅश तेवढ्याच वेळात ४०० जूल सोडतो. एलईडी विजेचा उजेड जास्त चांगला करतो हे धरलं तरी अंतर केवढं आहे बघा. म्हणजे एलईडीवर एफ ८ ला (लेन्सचं छिद्र लहान करायला) जायचं तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) चढवा नाहीतर शटर हळू करा, आणि दीड वर्षाचं पोर काय तुमच्यासाठी थांबतंय होय. पोराच्या डोळ्यावर सतत प्रखर उजेड, तो त्रास वेगळाच. व्हिडिओचं काम खरंच आलं तर एक एलईडी नंतर घ्या, घेताना सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) ९५ च्या वर बघाच पण आर९ चा आकडाही विचारा, लाल रंग नीट येतो की नाही ते त्यावरून कळतं, हापूसचा केशरी आणि खेळण्यांचा लाल त्याच्याशिवाय मेलेला दिसतो.

देवगडचा_दर्या
फ्लॅशला माझंही मत, पण ६०० चे दोन नकोत. ६०० आणि ३०० मध्ये फरक फक्त एका स्टॉपचा (उजेड दुप्पट किंवा निम्मा), आयएसओ १०० चा २०० केला की भरून निघतो. उलट एवढ्याशा गाळ्यात पॉवर कमी करता येणं जास्त महत्त्वाचं, स्वस्त मेन्सच्या फ्लॅशला बरेचदा १/१६ च्या खाली जाता येत नाही, म्हणजे ६०० चा लाइट कमीत कमी ३७ वॅटसेकंद तरी टाकणारच, मग जवळ सॉफ्टबॉक्स लावून एफ २.८ ला (छिद्र मोठं ठेवून) पोर्ट्रेट काढायचं तर लेन्सवर एनडी (उजेड कमी करणारा काळा फिल्टर) लावत बसा.

दुसरं, तुका सांगतंय, लाइट नको बघू, सिस्टीम बघ. बोवेन्स माउंट (फ्लॅशवर सॉफ्टबॉक्स अडकवायची जोडणी) घे, त्यात बऱ्याच कंपन्यांचे सॉफ्टबॉक्स बसतात, प्रोफोटो एलिंक्रोमचे माउंट आपापले वेगळे. गोडॉक्समध्ये मेन्सचा एसके४००टू आणि बॅटरीचा एडी६०० प्रो दोन्ही एकाच ट्रिगरवर (कॅमेऱ्यावरून फ्लॅश उडवणाऱ्या रिमोटवर) चालतात, दोघांनाही बोवेन्स माउंट. माझ्या मते एक बॅटरीवाला आणि दोन साधे मेन्सचे ३००-४०० चे. लाइट गेली तरी बॅटरीवाल्यावर काम उरकतं (फुल पॉवरला साधारण ३६० फ्लॅश मिळतात), आणि लग्नसराईत तोच उचलून बाहेर न्यायचा. मेन्सचे फ्लॅश घरच्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अजिबात नको, रिसायकल होताना, म्हणजे पुन्हा चार्ज होताना, एकदम करंट ओढतात.

मालवण_किनारा
वरचं सगळं पटलं, दमटपणाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितेय. आपल्याकडे जून ते सप्टेंबर सॉफ्टबॉक्सच्या कापडाला बुरशी धरते, पांढऱ्या कापडावर ठिपके पडले की कायमचे, आणि खाऱ्या हवेने स्टँडचे स्क्रू, सॉफ्टबॉक्सच्या काड्यांची टोकं गंजतात. कापड पूर्ण सुकवूनच घडी घाला, ट्रिगर आणि बॅटऱ्या सिलिका जेल टाकून हवाबंद डब्यात. फ्लॅश पावसाळाभर बंद ठेवू नका, महिन्यातून एकदा तरी चालू करून थोडे फ्लॅश मारा, आतला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) नुसता पडून खराब होतो. लिथियम बॅटरी महिनाभर ठेवायची तर फुल चार्ज करून ठेवू नका, अर्धीच बरी. आणि घेण्याआधी सर्व्हिस कुठे होते ते विचाराच, आपल्याला लाइट कोकणकन्येने मुंबईला पाठवावा लागतो आणि ऐन सीझनला तो तिथेच अडकतो. त्यासाठीही तीन लाइट हवेत.

कुडाळचो_फोटोवालो
खूप आभार सगळ्यांचे, एक बॅटरी दोन मेन्स नक्की करतो. खेळण्यांचं मात्र राहिलं, लाखेची चकाकी एवढी असते की सॉफ्टबॉक्सचा अख्खा चौकोन त्यात दिसतो.

रत्नांग्री_स्टुडिओ
चकाकी घालवू नका दादा, तिला आकार द्या, तीच तर त्या कारागिराच्या हाताची कमाई आहे. खेळण्याच्या बाजूला मोठा ट्रेसिंग पेपर ताणून लावा आणि फ्लॅश त्याच्या मागे दोन अडीच फुटांवर ठेवा, म्हणजे कडक चौकोनाच्या जागी कडेला विरत जाणारी पट्टी येते. फ्लॅश कागदाच्या जवळ नेला तर पट्टी आवळते, मागे नेला तर पसरते, मॉडेलिंग लॅम्प (फ्लॅशमधला सतत पेटणारा दिवा) लावून डोळ्यांनी बघत जुळवा. लाख धातू नाही त्यामुळे पोलरायझर (लेन्सवरचा चमक कापणारा फिल्टर) फिरवून उरलेली चमक बरीच कमी होते, पण तो एक-दीड स्टॉप उजेड खातो, तेव्हा पॉवर वाढवायची. आणि ९ फुटांच्या सिलिंगखाली वरून लाइट टाकायला छोटा बूम स्टँड (आडवा दांडा असलेला) घ्या, त्याच्या मागच्या टोकाला वाळूची पिशवी बांधायची, पोरं फिरत असतात गाळ्यात.