दोन बजावण्या एका वाक्यात?

खडीसाखर: अनुवादात अडकलेय. लंडनच्या हायकोर्टाचा पैशाचा हुकूमनामा (डिक्री), देणेकरी पुण्यात. माझं मराठी असं झालंय: ‘निकालाच्या नोंदणीनंतर, बजावणीपूर्वी नोटीस बजावावी.’ वाचून मलाच हसू आलं. दुसरा शब्द सुचवा. आणि ‘नोंदणी’ बरोबर आहे ना?

जुना कारकून: नोंदणी इंग्लंडात. तिथे परक्या निकालाची एकतर्फी नोंदणी होते, नोटीस मागाहून जाते, ती रद्द करून मागायची मुदत देऊन. आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत आणि किती वसूल झालं त्याचा दाखला जिल्हा न्यायालयात ‘दाखल’ करतात. मग दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज. आदेश २१, नियम २२ ची नोटीस त्यानंतर: अंमलबजावणी का करू नये, कारण दाखवा. देशी हुकूमनाम्याला पहिली दोन वर्षं साधारणपणे ही नोटीस लागत नाही. परदेशीला ती सवलत नाही.

सोवळेशास्त्री: ‘नोटीस’ कशाला? ‘सूचना’ म्हणा.

जुना कारकून: सूचना पेटीत टाकतात. नोटीस दारावर डकवतात.

तंबोरा: बजावणे म्हणजे वाजवणेच. दवंडी पिटून हुकूम सांगत, त्यावरून आलं.

मुन्शी: नाही हो, फारसी ‘बजा’, म्हणजे जागच्या जागी, योग्य. हिंदीतलं ‘हुक्म बजा लाना’ आठवा. कामगिरी बजावताना कुठला ढोल वाजतो?

तंबोरा: आमची आजी हातात उलथनं घेऊन ‘बजावून सांगते’ म्हणायची. वाजायचं ते आमच्या पाठीवर.

सोवळेशास्त्री: फारसीच असेल तर टाकाच. हुकूमनामाही नको, ‘न्यायादेश’.

जुना कारकून: बेलिफाला सांगून बघा. तो विचारेल, दरखास्त नंबर काय?

परदेशस्थ: अमेरिकेतला निकाल असाच दाखल होतो?

जुना कारकून: नाही. कलम ४४अ फक्त सरकारने अधिसूचित केलेल्या देशांच्या यादीला लागू; अमेरिका तीत नाही. त्या निकालावर इथे नवा दावा लावायचा. संयुक्त अरब अमिराती २०२० च्या जानेवारीत यादीत आली.

मुन्शी: यादीतल्या, म्हणजे एकमेकांचे निकाल मानणाऱ्या देशांना संहितेच्या हिंदी पाठात ‘व्यतिकारी राज्यक्षेत्र’ म्हणतात. दात पडतील.

तंबोरा: ‘फिट्टंफाटीचे मुलूख’!

सोवळेशास्त्री: थट्टा पुरे. व्यतिकारी सरळ संस्कृत आहे.

खडीसाखर: मसुदा उद्या द्यायचाय हो. पहिल्या बजावणीऐवजी ‘अंमलबजावणी’ टाकू का?

तंबोरा: टाका, पण तिच्या पोटातही बजावणी आहेच.

परदेशस्थ: ‘डकवणे’ अजून बोलतात? आमच्याकडे नोटीस ‘चिकटवायचे’. डकवायचा तो फक्त फाटका पतंग.