क्वाडमध्ये बसायचं, पण लेखी हमी नको : हे किती दिवस?

अजिंक्यतारा
काल पोवई नाक्यावर चहाला क्वाडचा, म्हणजे भारत, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया या चौघांच्या गटाचा विषय निघाला आणि चहा गार झाला. तिथं कुणी पुरतं बोलू दिलं नाही, म्हणून इथं मांडतो.

मलबार हा नौदलांचा सराव १९९२ला भारत-अमेरिका असा दोघांतच सुरू झाला. २०१५ला जपान कायमचा आला, २०२०ला गलवाननंतर ऑस्ट्रेलियाही परतला. २०१६ ते २०२० या काळात अमेरिकेशी लेमोआ, कॉमकासा, बेका झाले. म्हणजे एकमेकांच्या तळावर इंधन, सुरक्षित संपर्कयंत्रणा, उपग्रहाचे नकाशे. बस्ता बांधून झालाय, मुहूर्त तेवढा काढायचा नाही! उद्या पुन्हा गलवान घडलं तर यायला कुणीही बांधील नाही. फिलिपिन्स बघा. अमेरिकेशी १९५१पासून संरक्षण करार आहे, शिवाय आपल्याकडून ब्राह्मोसही घेतलं. आपणही लेखी हमी घ्यावी.

निवृत्त_सुभेदार
हमी पाकिस्तानकडेही होती की. सीटो आणि सेंटो या अमेरिकेच्या बाजूच्या दोन्ही लष्करी गटांत होता. पॅटन रणगाडे त्याला कम्युनिस्टांशी लढायला दिलेले, ते १९६५ला असल उत्तरच्या उसात आपल्यावर आले. आणि लढाई पेटल्यावर अमेरिकेने काय केलं? दोघांचीही शस्त्रं बंद. दोस्तालाही तोच न्याय. आमचे वडील तेव्हा फौजेत होते. सुट्टीवर आले की पॅटनचं नाव निघताच जेवता जेवता हात थांबायचा त्यांचा.

कराडकर
सुभेदारसाहेब, मान राखून विचारतो, १९६२चं काय? नोव्हेंबरात नेहरूंनी केनेडींकडे विमानं मागितली. अलिप्ततावाद तेव्हा कुठे होता? आमचे यशवंतराव दिल्लीला संरक्षण खातं सांभाळायला गेले ते त्याच दिवसांत. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री' आपण अभिमानाने म्हणतो, पण सह्याद्रीलाही दारूगोळा लागतोच. पुढे ९ ऑगस्ट १९७१ला सोव्हिएत संघाशी करार केला. डिसेंबरात अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागरात आलं तेव्हा तोच पाठीशी होता.

निवृत्त_सुभेदार
त्याचं नववं कलम वाचलंय का? हल्ला झाला तर दोघांनी ताबडतोब सल्लामसलत करायची, एवढंच. 'आम्ही लढायला येऊ' असं त्यात कुठे नाही.

कराडकर
मग तेवढंच क्वाडशी करा! सल्लामसलतीचं कलम लिहून घ्यायलाही आपण बिचकतो, माझा आक्षेप तोच आहे.

घाटात_पळणारा
तुमचं चालू द्या. आमच्याकडं पहाटे पाचला यवतेश्वर घाटात पोरं पळत्यात, बूट फाटंस्तोवर. चार वर्षांनी शंभरातली पंचवीस राहणार, बाकीची घरी. करार कुणाशीबी करा, सीमेवर उभं कोण ऱ्हाणार ते बी सांगा की.

सांगलीची_हळद
भावा, अग्निवीरावर वेगळा धागा काढ, तिथं तुझ्या बाजूने लिहीन.

इथं मला इंजिनाचं बोलायचंय. ८३ तेजस मार्क-१ए विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ला झाला. विमान आपलं, इंजिन अमेरिकेचं. ९९ इंजिनांपैकी पहिलं हाती पडलं मार्च २०२५ला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रशियाच्या तेलावरून आपल्या मालावरचा अमेरिकेचा कर २५वरून ५० टक्क्यांवर गेला, आणि ऑक्टोबरात क्वालालंपूरला त्याच अमेरिकेशी दहा वर्षांच्या संरक्षण चौकटीवर सही. एका हाताने कानफटात, दुसऱ्या हाताने हस्तांदोलन. विमानं पाडणारी एस-४०० क्षेपणास्त्र यंत्रणा पुन्हा रशियाची. असं दोन दुकानांत खातं ठेवणं कटकटीचं आहे, सुटे भागही वेगळे आणि प्रशिक्षणही. पण सगळी उधारी एकाच दुकानात असती, तर त्या ऑगस्टमध्ये आपण काय केलं असतं?

अजिंक्यतारा
नवव्या कलमाचं मान्य, ते मला ठाऊक नव्हतं. म्हणजे हमी नको, पण सल्लामसलतीचं कलम हवं, इथवर मी सरकलो. कराडकरांशी तेवढं जुळतं. तरी दोन खाती ठेवून चीनपुढे निभाव लागेल असं मला वाटत नाही.

निवृत्त_सुभेदार
सरकलात ते बरं झालं. आता इंजिनाचं उत्तर द्या.