हात्वेइ की आत्वेइ? ताइनो नायकाचे नाव देवनागरीत कसे लिहावे?

शब्दवेल्हाळ:
इस्पान्योला बेटावरून क्यूबात जाऊन तिथल्या लोकांना स्पॅनिशांविरुद्ध उभे करणारा आणि १५१२ मध्ये जिवंत जाळला गेलेला हा कासिके, म्हणजे प्रमुख, ताइनो या कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांपैकी. रोमन लिपीत त्याचे नाव एचने सुरू होते. स्पॅनिशमध्ये ते अक्षर आज मुके असल्याने क्यूबात ‘आत्वेइ’ म्हणतात. देवनागरीत मात्र मुके अक्षर लपवायला जागा नाही. माझ्या मते ‘हात्वेइ’ लिहावे. ताइनोंना लिपी नव्हती. हे नाव आपल्यापर्यंत आले ते मुख्यतः स्पॅनिश पाद्री बार्तोलोमे दे लास कासास यांच्या लेखणीतून. ते स्पेनमधल्या सेविलचे, आणि लॅटिनमधल्या जुन्या ‘फ’पासून आलेला ‘ह’ त्या काळी तिकडे स्पष्ट उच्चारला जाई. त्यांच्या काळी एचने लिहिलेले एक ताइनो फळ कॅरिबियनमध्ये आजही ‘होबो’च आहे.

खारा वारा:
असहमत. होबो बाजारात आणि स्वयंपाकघरात लोकांच्या तोंडी राहिले, म्हणून त्याचा ‘ह’ टिकला. त्यावरून या नावातही तो होता, हे कसे ठरते? त्या काळचे लेखनिक ‘एदाद’ (वय) या शब्दालाही उगाच एच जोडत. शिवाय युरोपीय कानांचा भरवसा किती धरायचा? काओनाबो या कासिकेचे नाव इटालियन इतिहासकार पिएत्रो मार्तिरे यांनी ‘काउनाबोआ’ असे नोंदवले आणि ‘सोन्याच्या घराचा धनी’ असा अर्थही देऊन टाकला. नाव ज्यांनी जपले, त्या क्यूबन लोकांचा उच्चार घ्यावा, हे बरे.

शब्दवेल्हाळ:
मार्तिरे आणि लास कासास यांना एका पारड्यात घालू नका. मार्तिरे यांनी अटलांटिक ओलांडलाच नाही. परतलेल्यांकडून ऐकून ते लिहीत. लास कासास १५०२ मध्ये बेटावर उतरले, अनेक वर्षे तिथे राहिले, आणि कित्येक नावांत आघात कोणत्या अक्षरावर येतो हेही ते सांगतात, ग्वाकानागारी या कासिकेच्या नावात शेवटच्या. इतका बारकावा पाळणारा माणूस परक्या नावाला सवयीने एच चिकटवील, हे मला पटत नाही. मार्तिरे यांचीही एक साक्ष माझ्याच बाजूची आहे. वादळाचा ताइनो शब्द ते ‘फुराकान’ असा देतात, इतर ‘हुराकान’ लिहितात. मुके अक्षर कुणाला ‘फ’ ऐकू येईल का?

खारा वारा:
ताइनोंच्या भाषेत ‘ह’ होता, हे फुराकानवरून मान्य. या नावात होता, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

चौकस:
मराठीत ‘हवाना’ रूढ आहेच, मग इथेच एवढी घासाघीस कशाला?

शब्दवेल्हाळ:
‘हवाना’ आपण इंग्रजीतून उचलले, त्याची साक्ष मी काढणार नाही. खारा वारा यांना एवढेच विचारतो: स्वतःच्या मुलखातल्या शब्दांना लागलेली सवय एक वेळ समजते, पण पूर्वी कधी न लिहिलेल्या नावात ऐकू न आलेले अक्षर घालायला कारण काय होते?