गॅसवरचं भरीत कडू कावून लागते?

दर्यापूरकडची सून:
चातुर्मासभर मामंजींनी वांगं तोंडात घातलं नाही. चंपाषष्ठीला खंडोबाले भरीत-रोडग्याचा निवद दाखवला, अन् पहिलाच घास कडू! मामंजी म्हणे, "सूनबाई, हे भरीत नोहे, उकडलेलं वांगं होय." यंदा वावर बटाईनं दिलं, भाजाले तुरीच्या वाळक्या काड्या, तुराट्या, घरी आल्याच नाहीत. गॅसवर भाजलं. काय चुकलं?

माळवंवाला:
वांगं जून असंन. आकाराच्या मानानं जड लागलं त आत बियाच बिया. हलकं, चकचकीत, हिरव्या देठाचं पाहून घ्या. भाजायच्या आधी चाकूनं चार टोचे मारा, नाहीतर फुटते. माहं एकदा फुटलं, भिंतीवर अजून डाग हाये.

अकोटची आजी:
माय, साल नळाखाली काढत असशील त बंद कर. धुराचा सारा वास पाण्यात जाते. गरम वांगं गंजात, म्हंजे पातेल्यात, झाकून ठेव दहा मिनिटं, साल बोटानं सुटते. खाली तांबूस पाणी जमते ते फेकून दे, कडवटपणा त्यातच. मिक्सर नको, बिया वाटल्या जातात. हातानं ठेच. भाजलेल्या मिरच्या, पातीचा कांदा, सांभार (कोथिंबीर) अन् वरून जवसाचं कच्चं तेल.

दर्यापूरकडची सून:
आजी, नळाखालीच काढली होती! अन् मिक्सरबी फिरवला. उद्या जावेकडून गवऱ्या आणतो, आरात भाजून पाहतो. मामंजीले आधी सांगत नाही.