नाताळच्या सुट्टीत मुंबईत सवलतीच्या दरात नाटके पाहता येतील का?

नाशिककर प्रेक्षक

नाताळच्या सुट्टीत आम्ही घरातील पाच जण मुंबईला येणार असून मुक्काम दादरला मामांकडे आहे. नाशिकला कालिदास कलामंदिरात व्यावसायिक नाटके दौऱ्यावर येतात, परंतु एखादा प्रयोग हुकला की ते नाटक पुन्हा कधी येईल याची खात्री नसते. म्हणून मुंबईत असताना शक्य तेवढी नाटके पाहून घ्यावीत, अशी माझ्या आई-वडिलांची फार इच्छा आहे. अडचण खर्चाची आहे. पुढच्या रांगांचे तिकीट ५०० रुपये धरले, तरी पाच जणांचे एका प्रयोगाचे २,५०० रुपये होतात आणि तीन नाटके पाहायची म्हटली तर हा आकडा साऱ्या प्रवासखर्चाच्या पुढे जातो.

न्यूयॉर्कला टाइम्स स्क्वेअरमध्ये त्याच दिवशीच्या प्रयोगांची उरलेली तिकिटे सवलतीत विकणारी खिडकी आहे, असे मावसभावाने सांगितले. तशी सोय मुंबईत आहे का? नसल्यास वर्षातील एखाद्या ठरावीक काळात मराठी नाटकांचे दर उतरतात का? वडिलांना गुडघेदुखीमुळे फार जिने चढवत नाहीत, हेही लक्षात घेऊन कृपया मार्गदर्शन करावे.

दादरकर

तशी खिडकी मुंबईत नाही, आणि ती का नाही हे समजून घेतले तर पैसे नेमके कुठे वाचू शकतात हेही आपोआप लक्षात येईल.

न्यूयॉर्कची ती खिडकी १९७३ सालापासून चालू आहे, आणि लंडनला लेस्टर स्क्वेअरमध्येही १९८० पासून तशीच सोय आहे. तिथे एक नाटक एकाच नाट्यगृहात महिनोन्‌महिने, आठवड्यातून साधारण आठ प्रयोग अशा गतीने चालते. त्यामुळे रोज संध्याकाळी काही खुर्च्या रिकाम्या राहणार हे निर्मात्याला ठाऊक असते आणि त्या कमी दरात देणे त्याला परवडते. आपले नाटक मात्र फिरते. शनिवारी ते मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहात असेल, रविवारी दुपारी विलेपार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहात आणि त्याच रात्री कदाचित ठाण्याला. नाट्यगृहाच्या तारखा निर्मात्यांना आधीच वाटून दिल्या जातात, आणि प्रत्येक तारखेचे भाडे, नेपथ्याची वाहतूक, कलाकारांची नाइट (एका प्रयोगाचे मानधन) आणि जाहिरात हा सगळा खर्च त्या एकाच प्रयोगातून निघावा लागतो. अशा व्यवस्थेत हंगामी सूट देण्याची सवय रुजलीच नाही, आणि माझ्या मते त्यात निर्मात्यांचा दोषही नाही.

मंदीचे काळ आपल्याकडेही असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षांमुळे घरेच्या घरे नाटकापासून लांब राहतात, मुसळधार पावसात लोकल बंद पडण्याच्या भीतीने लोक बाहेर पडत नाहीत, आणि गणपतीत मुंबईकर घरच्या पाहुण्यांत गुंतलेला असतो. परंतु या काळात दर उतरतात असे नाही, केवळ चांगल्या रांगा सहज मिळतात. तुम्ही निवडलेला आठवडा तर नेमका गर्दीचा आहे. शाळांना सुट्टी, परदेशातून आलेली मंडळी आणि वर्षअखेर यांमुळे गाजत असलेल्या नाटकांवर हाऊसफुल्लचा फलक लागतो. म्हणून त्या दिवशी सकाळी पाहू असे न म्हणता आगाऊ तिकीटविक्री सुरू होताच तिकिटे काढणे हेच हिताचे आहे.

बचत करायची ती रांग निवडण्यात. व्यावसायिक नाटकाच्या तिकिटांचे सामान्यतः तीन-चार दर असतात: पुढच्या रांगा महाग, मागच्या त्याहून स्वस्त आणि बाल्कनी सर्वांत स्वस्त. बाल्कनीतून चेहऱ्यावरचे बारकावे थोडे निसटतात हे खरे, पण रंगमंचाची सगळी मांडणी आणि पात्रांच्या हालचाली तिथून फार छान दिसतात. संगीत नाटक तर मी स्वतः आनंदाने बाल्कनीतून पाहतो.

पार्लेकर वाचक

वरील उत्तरात दोन गोष्टींची भर घालते.

पहिली गोष्ट कराची. नाटकाचे तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही आणि त्याहून महाग असेल तर १८ टक्के लागतो. अनेक नाटकांच्या पहिल्या रांगांचा दर ५०० वरच थांबलेला दिसतो, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. एखाद्या नव्या, मोठ्या नेपथ्याच्या नाटकाचे तिकीट याहून अधिक असेल, तर एक रांग मागे सरकल्याने दर आणि कर दोन्ही वाचतात.

दुसरी गोष्ट सुविधा शुल्काची. बुकमायशोसारख्या संकेतस्थळावर तिकिटामागे हे शुल्क लागते आणि त्या शुल्कावर पुन्हा कर असतो. पाच तिकिटांना मिळून ही रक्कम डोळ्यांत भरण्याइतकी होते. आपले मामा दादरला राहतात, ही तुमची मोठी जमेची बाजू आहे. शिवाजी मंदिर नाट्यगृह प्लाझा सिनेमाजवळ, स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथल्या तिकीट खिडकीवर जाऊन, समोर आसनांचा प्लॅन पाहून त्यांनी खुर्च्या निवडल्या, तर शुल्क वाचेल आणि कोणती खुर्ची कुठे येते हेही त्यांना विचारून घेता येईल. विक्री कोणत्या दिवशी आणि किती वाजता सुरू होणार, हे वर्तमानपत्रातील नाटकांच्या जाहिरातीत छापलेले असते. निर्मात्याने एखाद्या प्रयोगाला खास सवलतीचा दर ठेवला असेल, तर तोही बहुधा तिथेच कळतो. त्यामुळे निदान शनिवार-रविवारची ती पाने जरूर चाळावीत.

गिरगावचा हौशी नट

आपण सगळे व्यावसायिक नाटकांविषयीच बोलत आहोत, परंतु खऱ्या अर्थाने स्वस्त आणि हंगामी असे जे नाटक महाराष्ट्रात आहे, ते स्पर्धांचे. राज्य शासनाच्या हौशी मराठी नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी सहसा हिवाळ्यात वेगवेगळ्या केंद्रांवर होते आणि तिचे तिकीट अगदी नाममात्र असते. मुंबईची फेरी चर्नी रोडजवळच्या साहित्य संघ मंदिरात अनेकदा झालेली आहे. दिवसभर नोकरी करून रात्री तालमी करणारे कलाकार इथे पूर्ण लांबीचे नाटक उभे करतात. सगळेच प्रयोग उत्तम असतात असा दावा मी करणार नाही, पण जे उत्तम असतात ते पुढे कित्येक वर्षे मनातून जात नाहीत. व्यावसायिक रंगभूमीवरचे अनेक मोठे नट आणि दिग्दर्शक याच स्पर्धांतून पुढे आले आहेत.

तुम्हा पाच जणांत शाळकरी किंवा महाविद्यालयीन वयाचे कोणी असेल तर त्यांना एकांकिका अवश्य दाखवा. मुंबईची सहल जानेवारीअखेर नेता आली, तर २५ जानेवारीच्या रात्री चतुरंग प्रतिष्ठानची ‘सवाई’ एकांकिका स्पर्धा असते. वर्षभरातील वेगवेगळ्या स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिका तिथे रात्रभर, प्रजासत्ताक दिनाची पहाट होईपर्यंत चालतात, आणि एका तिकिटात इतके नाटक पाहायला मिळण्याची संधी मला दुसरी ठाऊक नाही.

नाशिककर प्रेक्षक

सर्वांचे मनापासून आभार. मुलगी नववीत आहे आणि शाळेच्या एकांकिकेत कामही करते, त्यामुळे स्पर्धेचा प्रयोग पाहण्याचे नक्की केले आहे. सहलीची तारीख मात्र बदलता येणार नाही. पृथ्वी थिएटर आणि नरिमन पॉइंटचे एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) यांविषयीही कोणी सांगू शकेल का? तसेच बाल्कनीचा जिना वडिलांना झेपणार नाही, त्यावर काय करावे?

दादरकर

वडिलांसाठी बाल्कनीचा विचार सोडून द्यावा. तळमजल्यावरील स्वस्त दराच्या मागच्या रांगांत, कडेची खुर्ची मागून घ्यावी. ती दाराजवळ पडते आणि मध्यंतरात बाहेर पडतानाही सोयीची असते. आई त्यांच्या शेजारी बसतील आणि तुम्ही तिघे बाल्कनीत बसाल, तर खर्चाचा मेळ बसतो. प्रेक्षागृहापर्यंत पोहोचायला किती पायऱ्या आहेत, हे प्रत्येक नाट्यगृहात वेगळे असल्याने मामांनी तिकिटे काढतानाच खिडकीवर विचारून घ्यावे.

जुहूचे पृथ्वी थिएटर १९७८ साली सुरू झाले. सुमारे २०० खुर्च्यांचे हे छोटेखानी नाट्यगृह असून प्रेक्षक तीन बाजूंनी बसतात. तिथे खुर्च्यांना क्रमांक नसतात, जो आधी येईल त्याला हवी ती जागा मिळते. त्यामुळे जास्त पैसे न मोजताही अगदी पुढे बसता येते, फक्त लवकर जाऊन रांगेत उभे राहण्याची तयारी हवी. वडिलांना तेवढा वेळ उभे राहणे जड जाईल, म्हणून तिथे मुलीला घेऊन तुम्ही दोघांनीच जावे असे सुचवतो. प्रयोग सुरू झाल्यावर आत सोडत नाहीत, हा नियम तिथे कसोशीने पाळला जातो. प्रयोग बहुतांशी हिंदी आणि इंग्रजी असतात. सोमवारी थिएटर बंद असते.

एनसीपीएमध्ये सदस्यांना तिकिटांत सवलत मिळते, म्हणून मामांच्या ओळखीत कोणी सदस्य आहे का ते पाहावे. मराठी प्रयोग तिथे मोजकेच होतात, त्यामुळे कार्यक्रमपत्रिका पाहिल्याशिवाय खास त्यासाठी दिवस राखून ठेवू नये.

दादरहून लांबच्या नाट्यगृहात जायचे झाल्यास रविवार शक्यतो टाळा. मध्य आणि हार्बर मार्गांवर त्या दिवशी बहुधा मेगाब्लॉक (देखभालीच्या कामासाठी काही तास लोकल बंद किंवा उशिरा) असतो, आणि पाच तिकिटे हातात असताना पहिला अंक हुकणे फार महाग पडते. रविवारचा प्रयोग शिवाजी मंदिरचा किंवा माटुंगा रोडजवळच्या यशवंत नाट्यमंदिरचा घ्यावा, आणि मुलुंड किंवा बोरिवलीला जायचे असेल तर तो बेत शनिवारी ठेवावा.