रेमंड बर सोडून पडद्यावरचा पेरी मेसन: काय बघावं, कुठून सुरुवात करावी?

उलटतपासणी:
नमस्कार मंडळी. पेरी मेसन या वकिलावरच्या अर्ल स्टॅन्ली गार्डनरच्या कादंबऱ्या आणि रेमंड बरची १९५७ ते १९६६ ची मालिका इथे अनेकांना पाठ असेल. एचबीओची २०२० ची मालिकाही माहीत आहे. त्यापलीकडचा मेसन हवा आहे. १९३० च्या दशकातल्या सिनेमांची नुसती नावं सापडतात. त्यातला पुस्तकाच्या जवळ जाणारा कोणता? आणि डीव्हीडी घ्यायच्या तर काय बघून घ्याव्यात?

अशील क्र. १:
वॉर्नर ब्रदर्सने १९३४ ते १९३७ मध्ये सहा सिनेमे काढले. पहिल्या चारांत मेसन आहे वॉरन विल्यम, पाचव्यात रिकार्डो कोर्टेझ आणि सहाव्यात ('स्टटरिंग बिशप', १९३७) डोनाल्ड वुड्स.

सुरुवात बिनदिक्कत 'द केस ऑफ द हाऊलिंग डॉग' (१९३४) पासून करा (पुढे नावांतलं 'द केस ऑफ द' गाळतोय). शेजाऱ्याचा कुत्रा रडतो म्हणून तक्रार घेऊन आलेला माणूस, मग मृत्युपत्राचा प्रश्न, मग खून, असा पुस्तकाचा सांगाडा त्यात शाबूत आहे. कोर्टाला पुरेसा वेळ दिलाय आणि मेरी ॲस्टरचं काम उत्तम. फक्त मेसनचं ऑफिस बघून दचकू नका. पुस्तकात तो, त्याची सेक्रेटरी डेला आणि मोजकी माणसं. इथे हाताखाली माणसांचा ताफा असलेली मोठी फर्म दाखवली आहे.

पुढे वॉर्नरने सूर बदलला. तेव्हा नुकता गाजलेला 'द थिन मॅन' हा गुप्तहेरी सिनेमा डोळ्यांपुढे ठेवून मेसनला पिणारा, चटपटीत बोलणारा शौकीन केलं. 'लकी लेग्ज' (१९३५) मध्ये तर कोर्टच नाही! वकिलाच्या गोष्टीतून खटला काढला की उरतो तो कोणताही खासगी गुप्तहेर. 'व्हेल्व्हेट क्लॉज' (१९३६) मध्ये मेसन आणि डेलाचं लग्न लावून दिलंय. कादंबऱ्यांत तो तिला अनेकदा मागणी घालतो आणि ती नकार देते. त्या नात्यातला ताणच इथे संपतो.

जामीनपात्र:
'क्युरियस ब्राइड' (१९३५) मात्र वगळू नका. दिग्दर्शक मायकेल कर्टिझ आहे, त्यामुळे सिनेमा पळतो. सॅन फ्रान्सिस्कोत घडतो, मेसन स्वयंपाक करताना दिसतो. पुस्तकाशी नातं सैल आहे हे मान्य. यात पुढे स्टार झालेला एरॉल फ्लिन आहे, पण तो प्रेत म्हणून आणि शेवटच्या फ्लॅशबॅकमध्ये. संवाद एकही नाही, त्यामुळे त्याची वाट बघत बसू नका.

'ब्लॅक कॅट' (१९३६) हे 'केअरटेकर्स कॅट' या कादंबरीवरून आहे. नाव बदलल्यामुळे यादीत चुकतं. दिग्दर्शक ॲलन क्रॉसलंड चित्रीकरणाच्या काळातच मोटार अपघातात गेला आणि विल्यम मॅकगॅनने काम पुरं केलं. कोर्टेझचा मेसन गंभीर आहे, पुस्तकातल्यासारखा. एकच सिनेमा मिळाला त्याला, याचं वाईट वाटतं.

आणखी एक यादीबाहेरचा: 'ग्रॅनी गेट युवर गन' (१९४०). तो 'डेंजरस डावेजर' या मेसन कादंबरीवरून केलाय, पण मेसनलाच काढून टाकलं. कथानक ओळखीचं वाटेल, वकील सापडणार नाही.

सरकार पक्ष:
या सिनेमांवर गार्डनर नाराज होता. म्हणूनच टीव्हीच्या वेळी त्याने पैसानो प्रॉडक्शन्स ही भागीदारीतली कंपनी काढून पटकथांवर ताबा ठेवला. त्याआधी सीबीएस या अमेरिकन वाहिनीला मेसनची दुपारची रोजची मालिका हवी होती, गार्डनर तयार झाला नाही. मग १९५६ मध्ये 'द एज ऑफ नाइट' आली. नायक वेगळ्या नावाचा, पण नट जॉन लार्किन, म्हणजे रेडिओवरचा मेसनच!

१९७३ ची 'द न्यू पेरी मेसन' (माँटी मार्कहॅम) १५ भागांत आटोपली. मार्कहॅम वाईट नाही. पण बरची मालिका बंद होऊन सातच वर्षं झाली होती आणि तिचे जुने भाग पुन्हा पुन्हा लागत होते. तुलना अटळ होती.

एक फसगत टाळा. बर सप्टेंबर १९९३ मध्ये गेला, तरी 'अ पेरी मेसन मिस्टरी' नावाचे चार टीव्ही-सिनेमे त्यानंतर १९९५ पर्यंत आले. त्यांत मेसन बाहेरगावी असतो. खटला एकात पॉल सोर्व्हिनो आणि तिनांत हॅल होलब्रुक लढवतात. डेला, म्हणजे बार्बरा हेल, आहे.

उलटतपासणी:
वा, मनापासून आभार. डीव्हीडीचं काय?

अशील क्र. १:
सहाही जुने सिनेमे वॉर्नर आर्काइव्हच्या २०१२ च्या एका संचात आहेत. ते मागणीनुसार कोरलेल्या डीव्हीडी-आर प्रकारात मिळतात. काही जुने प्लेअर त्या वाचत नाहीत, आधी दुसरी डीव्हीडी-आर लावून बघा. बरच्या मालिकेचे अमेरिकन संच रीजन १ चे (रीजन म्हणजे डीव्हीडी कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल ते ठरवणारा विभाग), भारतातले प्लेअर रीजन ५ चे. सर्व रीजन चालणारा प्लेअर घ्या. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हचा रीजन पाचच वेळा बदलता येतो, मग तो कायमचा अडकतो. टीव्हीवर चौकट ४:३ ठेवा, नाहीतर माणसं रुंद दिसतात.

तुलनेसाठी बरच्या मालिकेच्या दुसऱ्या सीझनचे दोन्ही खंड घ्या. पहिल्यात 'क्युरियस ब्राइड', दुसऱ्यात 'केअरटेकर्स कॅट', 'स्टटरिंग बिशप' आणि 'हाऊलिंग डॉग'. 'लकी लेग्ज' तिसऱ्या सीझनमध्ये, 'व्हेल्व्हेट क्लॉज' थेट सहाव्यात. आधी कादंबरी, मग टीव्हीचा भाग आणि शेवटी सिनेमा, असा क्रम ठेवा. सिनेमात काय गाळलंय ते लगेच लक्षात येतं.