अनुभव धागा : इयन मॅकेलन तुम्हाला कुठे भेटला?

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' चित्रपटांतल्या गँडाल्फ या जादूगारामुळे इयन मॅकेलन आपल्या घराघरांत पोचला, पण १९३९ साली बर्न्लीत जन्मलेला हा नट मुळात रंगभूमीचा. ऐंशी ओलांडल्यावर, २०२१मध्ये, त्याने विंडसरला चक्क हॅम्लेट, शेक्सपिअरचा तरुण राजपुत्र, केला! तुम्ही त्याचं काय पाहिलंत? मनात काय राहिलं? हातचं न राखता लिहा.

(नाशिकहून)
१९९५चा 'रिचर्ड द थर्ड' हा चित्रपट, गादीसाठी कट रचणाऱ्या रिचर्डच्या भूमिकेत तो. पटकथेतही त्याचा हात आहे. शेक्सपिअर थेट १९३०च्या दशकात आणलाय, लष्करी गणवेशासकट. पहिलं स्वगत सुरू होतं ते मेजवानीतलं भाषण म्हणून, मायक्रोफोनसमोर. सगळे खूश. आणि मधेच आपण त्याच्यामागे मुतारीत! तिथे उरलेलं स्वगत तो दात-ओठ खात स्वतःशीच बोलतो. मग आरशात त्याला आपण दिसतो आणि तो वळून थेट आपल्याशी बोलायला लागतो. त्या क्षणापासून आपण त्याच्या कटात सामील. मी नाटकात कामं करते. स्वगत कुणाला उद्देशून म्हणायचं हे मला त्या दोन-तीन मिनिटांनी शिकवलं.

(लंडनहून)
ओल्ड विक नाट्यगृहात नाताळात 'अलादीन'चं पँटोमाइम, म्हणजे पोराटोरांसाठीचं धमाल नाटक, होतं, २००४ साली. साहेब लुगडं नेसल्यागत नटूनथटून विडो ट्वँकी, म्हणजे अलादीनची आई, झालेले. पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती आणि तो प्रत्येक आरोळीला उत्तर देत होता. 'किंग लिअर'सारखी शोकांतिका करणारा माणूस याला कमी लेखत नाही, हे मला फार मोठं वाटतं.

(पुण्याहून)
मी व्हीएफएक्समध्ये, म्हणजे चित्रपटांतल्या संगणकी दृश्यकरामतींच्या कामात आहे. 'हॉबिट' या गँडाल्फच्याच चित्रपटाच्या वेळी त्याच्यासमोर सहकलाकार नव्हते, स्टँडवर त्यांचे फोटो होते. ज्याचं वाक्य, त्याच्या फोटोवरचा दिवा लागायचा. तो रडला, आणि माईक चालू असल्याने सेटवर ते ऐकू गेलं. आता शॉट आखताना नटासमोर कुणीतरी जिवंत माणूस उभा करा, असा मी आग्रह धरतो.

(मुंबईहून)
१९८८मध्ये, ब्रिटनमध्ये 'सेक्शन २८' या, पालिकांना समलैंगिकतेचा 'प्रचार' करायला मनाई करणाऱ्या कलमाचा वाद पेटला असताना, त्याने बीबीसी रेडिओवर आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. त्यानंतर आपला अभिनय सुधारला असं तो आवर्जून सांगतो. २०१६मध्ये तो मुंबईत आला तेव्हा इंग्रजांनी मागे ठेवलेल्या, समलिंगी संबंधांना तेव्हा गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाबद्दल स्पष्ट बोलला. ती बातमी मी आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "म्हणजे हा आपला गँडाल्फ?" मग मी तिला माझंही सांगितलं.